ऊन, वारा आणि ॲना मणी

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या देशातील सौर वीजनिर्मितीची क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. शाळेच्या गच्चीवर, बँकेच्या छपरावर, शेतातल्या पंपाशेजारी तुम्ही निळसर काळी सौर पॅनेले पाहिली असतील. ती बसवण्यापूर्वी कोणीतरी एक प्रश्न सोडवलेला असतो. तो प्रश्न असा : या जागी वर्षभरात ऊन किती पडते?

ऊन पुष्कळ पडते, हे उत्तर विज्ञानात चालत नाही. किती जूल, किती चौरस मीटरवर, किती वेळात, हे सांगावे लागते. भारतापुरते हे उत्तर मिळवण्याचे काम ज्यांनी उभे केले त्यांत ॲना मणी या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक बाईंचे नाव अगदी वरचे आहे, आणि या कामाचा मोठा भाग आपल्या पुण्यात झाला. ऊन आणि वारा कसे मोजतात, हे या लेखात पाहू. त्याबरोबरच एका मुलीला या क्षेत्रात काम करता येण्यासाठी कोणकोणती दारे उघडावी लागली आणि कोणते उघडलेच नाही, तेही पाहू.

आधी माप, मग वीज

एका लहान गावाला रोज १०० युनिट वीज हवी आहे असे समजा. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. त्या गावात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ किलोवॉट-तास इतकी सौर ऊर्जा पडते. पॅनेलची कार्यक्षमता २० टक्के धरू. म्हणजे एका चौरस मीटरमागे रोज १ युनिट वीज मिळेल आणि गावाला १०० चौरस मीटर पॅनेले लागतील.

आता मोजणाऱ्याचे उपकरण बिघडलेले होते आणि त्याने ५ ऐवजी ६ हा आकडा लिहिला असे समजा. हिशेब करणारा म्हणेल, ८३ चौरस मीटर पुरे. गाव कर्ज काढून तेवढीच पॅनेले बसवील, आणि रोज १०० ऐवजी ८३ युनिटच मिळतील. दवाखान्यातला लसींचा फ्रिज संध्याकाळी बंद पडेल. गावकरी म्हणतील, सूर्याची वीज भरवशाची नाही! वास्तविक सूर्याने काहीच चूक केलेली नसते. चुकलेले असते ते माप. मापच नसेल तर माणूस निदान जपून पाऊल टाकतो. चुकीचे माप त्याला खात्रीने खड्ड्यात नेते.

ऊन कसे मोजतात?

उन्हाचे माप घेण्याची एक फार सुंदर युक्ती स्वीडनचे शास्त्रज्ञ क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी १८९३ साली योजली. धातूच्या दोन सारख्या पातळ पट्ट्या घ्यायच्या आणि दोन्ही काळ्या करायच्या. एक पट्टी उन्हात ठेवायची आणि दुसरी सावलीत. उन्हातली पट्टी तापेल. सावलीतल्या पट्टीतून विद्युतप्रवाह सोडायचा, म्हणजे तीही तापू लागेल. दोन्ही पट्ट्यांच्या मागे थर्मोकपल चिकटवलेले असते. तापमानात फरक असेल तोवर गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो. प्रवाह कमीजास्त करत गेल्यावर एका क्षणी काटा शून्यावर येतो. त्या वेळी दोन्ही पट्ट्यांचे तापमान सारखे असते. म्हणजेच सूर्य एका पट्टीला दर सेकंदाला जेवढी उष्णता देतो, तेवढीच विद्युतप्रवाह दुसरीला देतो.

प्रवाहाने निर्माण होणारी उष्णता तर तुम्हाला मोजता येते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हे सूत्र तुम्ही शिकलाच आहात. पट्टीचे क्षेत्रफळ ०.४ चौरस सेंटिमीटर आणि रोध ०.४ ओहम असून काटा शून्यावर आला तेव्हा प्रवाह ०.३१६ अँपिअर होता, असे समजा. मग उष्णता होईल सुमारे ०.०४ वॉट. तिला क्षेत्रफळाने भागा. उत्तर येते १००० वॉट प्रति चौरस मीटर. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर पोहोचणारे ऊन साधारण एवढेच असते. वातावरणाबाहेर हा आकडा सुमारे १३६१ आहे. वाटेत हवा, बाष्प आणि धूळ यांनी कर वसूल केलेला असतो!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सूत्रात प्रवाहाचा वर्ग आहे. त्यामुळे प्रवाह वाचताना ५ टक्के चूक झाली, तर उन्हाच्या मापात सुमारे १० टक्के चूक होते. म्हणून असे उपकरण बनवताना आणि ते ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहताना डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते.

हे उपकरण सूर्याकडून सरळ येणारे ऊन मोजते. पण पॅनेलवर ढगांतून व आकाशातून विखरून येणारा प्रकाशही पडतो. तो धरून सगळे ऊन मोजण्यासाठी पायरॅनोमीटर वापरतात. त्यात काळा पृष्ठभाग काचेच्या घुमटाखाली आडवा बसवलेला असतो. तो तापला की थर्मोकपलांच्या माळेत विद्युतदाब निर्माण होतो आणि त्याची नोंद दिवसभर होत राहते. काच असते ती वाऱ्याने उष्णता चोरून नेऊ नये म्हणून.

पीरमेडहून पुण्याच्या शिमला ऑफिसात

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता होते व त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. घर सधन होते, पण त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलांनी मोठ्या हुद्द्यावर जायचे आणि मुलींनी चांगल्या घरी जायचे, असे ठरलेले. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या देण्याचा घरचा प्रघात होता. या मुलीने कुड्या नको म्हटले आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका हा ज्ञानकोश मागून घेतला. विशेष म्हणजे घरच्यांनी तो दिला. पहिले दार उघडले ते येथे.

१९३९ साली मद्रासला पदवी घेतल्यावर त्यांना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४० साली त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. याच संस्थेच्या दाराशी सात वर्षे आधी काय घडले होते, ते मराठी वाचकांना आठवत असेल. १९३३ साली मुंबईच्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांनी काम दाखवले आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेटही मिळवली. एकीने धक्का देऊन उघडलेल्या दारातून मागच्या मुलींना आत येणे थोडे सोपे झाले.

ॲना मणी यांनी हिरे आणि माणके यांच्या वर्णपटाचा अभ्यास केला. फोटोग्राफीच्या काचेवर एकेक वर्णपट उमटायला पंधरा-वीस तास लागत. कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेत काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ साली डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने ती पदवी दिली नाही. कारण काय, तर त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती! प्रबंधात काय आहे, यापेक्षा अर्जाच्या रकान्यात काय नाही, ते पाहिले गेले. हे दार शेवटपर्यंत बंदच राहिले.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. मनात पदार्थविज्ञानाचे संशोधन होते, पण जागा मिळाली ती हवामानशास्त्राची उपकरणे शिकण्याची. त्यांनी तीच मन लावून शिकून घेतली. १९४८ साली स्वतंत्र भारतात परतल्यावर त्या हवामान खात्यात पुण्याला रुजू झाल्या. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून तेथे आले होते.

त्या काळी पाऊस, दाब, वारा मोजण्याची बहुतेक उपकरणे परदेशातून येत. ती येथेच बनवायची असे खात्याने ठरवले होते. १९५३ साली ॲना मणी उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ माणसे होती आणि सगळे पुरुष! सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रे त्यांनी करून घेतली आणि त्यांबरहुकूम उत्पादन सुरू केले. रेखाचित्र प्रमाणित झाले म्हणजे पुण्यात बनलेला सुटा भाग आसामातल्या केंद्रावरच्या उपकरणातही बसतो. ही गोष्ट साधी वाटते, पण देशभरची मापे एकमेकांशी ताडून पाहता येतात ती तिच्यामुळेच.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होते. त्या निमित्ताने ॲना मणी यांनी भारतभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. आरंभी परदेशी उपकरणे वापरली, मग प्रारण मोजणारी उपकरणेही आपल्याकडेच तयार करवून घेतली. खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या १९७६ साली निवृत्त झाल्या. त्या वर्षांत तेलाच्या किमती भडकल्या होत्या आणि जगाचे लक्ष सूर्याकडे वळले होते. तेव्हा भारतातील सौर प्रारणाची आकडेवारी देणारा त्यांचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. रंगराजन यांच्यासह लिहिलेला दुसरा ग्रंथ त्यानंतर आला. गाव कोणते, महिना कोणता, ऊन किती, याचे उत्तर अभियंत्यांच्या टेबलावर आले.

वाऱ्याचा घन

उन्हानंतर ॲना मणी वाऱ्याकडे वळल्या. पवनचक्कीला मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. याचे कारण सोपे आहे. वाऱ्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि वेग वाढला की दर सेकंदाला पात्यांवर येणारी हवाही त्याच प्रमाणात वाढते. वर्ग गुणिले वेग, म्हणजे घन.

वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर घन येतो १२५. वेग ६ झाला तर २१६. वेग फक्त एकाने वाढला आणि शक्ती पावणेदोन पट झाली! वेग मोजताना १० टक्के चूक झाली तर शक्तीच्या अंदाजात ३३ टक्के चूक होते.

याहून मोठा सापळा सरासरीचा आहे. एका टेकडीवर दिवसाचे बारा तास वारा सेकंदाला २ मीटर आणि उरलेले बारा तास ८ मीटर वाहतो. दुसऱ्या टेकडीवर चोवीस तास ५ मीटर वाहतो. दोन्हींची सरासरी ५ च. मग दोन्ही टेकड्या सारख्या का? घन करून पाहा. दुसऱ्या टेकडीचा घन १२५. पहिलीच्या घनांची सरासरी, म्हणजे ८ आणि ५१२ यांची सरासरी, येते २६०. दुपटीहूनही अधिक! नुसती वार्षिक सरासरी देऊन भागत नाही. प्रत्येक ठिकाणी, तासातासाला, वर्षभर मोजावे लागते.

निवृत्तीनंतर ॲना मणी यांनी नेमके हेच काम हाती घेतले. त्यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या पवनमापनाचे काम देशात सातशेहून अधिक ठिकाणी पोहोचले. भारतातील पवन ऊर्जेच्या आकडेवारीचा त्यांचा ग्रंथ, एका सहकाऱ्यासह, १९८३ साली प्रसिद्ध झाला. बंगलोरला त्यांनी वारा आणि ऊन मोजणारी उपकरणे बनवण्याचा छोटा कारखानाही काढला. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा पाहाल, तेव्हा त्याआधी अशा पठारांवर वाट्यांचा वायुवेगमापक घेऊन कोणीतरी उभे राहिलेले असते, याची आठवण ठेवा. १६ ऑगस्ट २००१ रोजी ॲना मणी यांचे निधन झाले.

मोजायचे आणखी एक माप

बाई म्हणून तुम्हाला काय अडचणी आल्या, असे कोणी विचारले, तर ॲना मणी यांना ते फारसे रुचत नसे. बाई आणि विज्ञान यांचा एवढा गाजावाजा कशाला, असा त्यांचा सूर असे. त्यांचे म्हणणे आपण आदराने ऐकावे. पण त्यांनीच शिकवलेली रीत अशी की मतापेक्षा माप मोठे. तेव्हा माप पाहू.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने जगभरची पाहणी प्रसिद्ध केली. अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण ३२ टक्के आढळले. तेल आणि वायूच्या उद्योगात ते २२ टक्के होते. नवे क्षेत्र जुन्यापेक्षा बरे, असे वाटते ना? परंतु सरासरी कशी फसवते ते आपण आताच पाहिले. हे ३२ टक्के फोडून पाहा. कार्यालयीन कामांत स्त्रिया ४५ टक्के होत्या. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित लागणाऱ्या कामांत फक्त २८ टक्के. भारतात छपरावरील सौर वीज क्षेत्राची पाहणीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तीत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ११ टक्के निघाले. म्हणजे दर नऊ माणसांत एक बाई.

मुलींना आवड नसते, त्या काय करणार, असे म्हणणारे भेटतात. हे माप न घेता काढलेले अनुमान आहे. उपकरण कमी आकडा दाखवू लागले तर आपण सूर्याला दोष देत नाही. आधी काच पुसतो, तारा तपासतो. इथेही तसेच करायला हवे.

दारे कशी उघडतात?

ॲना मणी यांच्या वाटेवर काय काय होते, त्याची यादी करू. घरात पुस्तक होते. दोन वेळा शिष्यवृत्ती होती. हातात खरे उपकरण होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, वयाच्या पस्तिशीत खात्याने पूर्ण विभागाची जबाबदारी दिली होती. या चार गोष्टींतले काहीही दैवी नाही. सगळे माणसांनी ठरवून करण्याजोगे आहे.

राजस्थानात तिलोनिया या गावी १९७२ साली सुरू झालेल्या संस्थेने हे वेगळ्या पातळीवर करून दाखवले. तेथे खेड्यांतल्या, पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या, बायकांना सौर दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण देतात. रोधकावरचे रंगीत पट्टे ओळखायला इंग्रजी कशाला हवे? रंग, खुणा आणि हातांनी करून दाखवणे, यांवर सहा महिन्यांत शिक्षण पुरे होते. परदेशांतून आलेल्या आज्याही येथे शिकून आपल्या गावी दिवे लावू लागल्या. बदलावी लागली ती शिकवण्याची भाषा. बायकांची बुद्धी होती तीच होती.

आपल्या भोवतीही काही दारे आहेत. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी केंद्राची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. दहावीतल्या मुलींनी व त्यांच्या पालकांनी याची चौकशी शाळेत जरूर करावी. शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, बस आणि संध्याकाळी सुरक्षित घरी पोहोचणे हे प्रश्न उरतात. पवनचक्कीच्या जागी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसेल, तर तेथली अभियंत्याची जागा कागदावर सर्वांना खुली, पण प्रत्यक्षात अर्ध्या उमेदवारांना बंद असते.

शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. प्रयोगाच्या तासाला चार मुलामुलींचा गट करतात. बहुतेक वेळा स्क्रू फिरवणारा, तारा जोडणारा मुलगा असतो, आणि अक्षर चांगले म्हणून निरीक्षणे लिहिणारी मुलगी. कोणी मुद्दाम हे करत नाही, ते आपोआप होते. पण बारावी पास होईपर्यंत एकाचे हात शंभर वेळा उपकरणाला लागलेले असतात आणि दुसरीचे दहा वेळा. पुढे पाहणीत २८ टक्के आणि ४५ टक्के असे जे आकडे पडतात, त्यांची सुरुवात या टेबलाशीही होत असते. प्रत्येक प्रयोगाला कामांची अदलाबदल करा. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

करून पाहा : तुमच्या गावचे ऊन

१० सें.मी. लांब व १० सें.मी. रुंद असा पत्र्याचा चौकोनी, उथळ डबा घ्या. आतून काळा रंग द्या. बाहेरून व खालून थर्मोकोल लावा. त्यात २०० मिलिलिटर पाणी ओता. पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड असावे, म्हणजे सुरुवातीला हवेकडून मिळालेली आणि शेवटी हवेला गेलेली उष्णता जवळजवळ फिटते. वर काच ठेवा. दुपारी डबा उन्हात आडवा ठेवून दहा मिनिटांत तापमान किती अंशांनी वाढले ते पाहा. थर्मामीटर वाचण्यापूर्वी पाणी ढवळा. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहू नका.

समजा, तापमान ५ अंशांनी वाढले. पाण्याला मिळालेली उष्णता = २०० × ४.२ × ५ = ४२०० जूल. वेळ ६०० सेकंद, म्हणून शक्ती ७ वॉट. डब्याचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर. म्हणून ऊन सुमारे ७०० वॉट प्रति चौरस मीटर. काच व पाणी काही प्रकाश परतवतात, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा अधिक असेल.

प्रश्न

१. वरील प्रयोग सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता करा. आकडे का बदलतात? डब्याला सूर्याकडे तोंड करून तिरपे ठेवता आले असते तर काय झाले असते?

२. एका जागी वारा आठ तास ३ मीटर, आठ तास ६ मीटर आणि आठ तास ९ मीटर वेगाने वाहतो. वेगाच्या सरासरीचा घन आणि घनांची सरासरी काढून तुलना करा.

३. महिनाभर तुमच्या वर्गाच्या प्रयोगवहीत प्रत्येक प्रयोगापुढे दोन रकाने आखा : उपकरण कोणी हाताळले, आणि निरीक्षणे कोणी लिहिली. महिन्याअखेर मुलामुलींची टक्केवारी काढा. मग पुढच्या महिन्यात कामे बदलून पुन्हा मोजा.